भिंगरीचं कोपर

दवाखान्यात बसायला जागा होती, पण मी उभीच होते. बसले की कडेवरच्या माझ्या अडीच वर्षांच्या भिंगरीला धक्का लागेल, असं वाटत होतं. तिने डावा हात अंगाशी घट्ट धरला होता, कोपर जरासं वाकलेलं, तळवा खाली. बोटं हलत होती. पण त्या हाताकडे कुणी नुसतं पाहिलं तरी ती भोकाड पसरायची.

माझ्या शेजारी तिची आत्या, म्हणजे माझी मोठी नणंद. लाँड्रीतला ॲप्रनसुद्धा काढायला तिला वेळ मिळाला नव्हता. दिवसभर चादरींना इस्त्री मारून तिचे हात लाल झालेले असतात, तसेच तेव्हाही होते. फक्त ती ते एकमेकांवर चोळत होती, थंडी वाजल्यासारखे.

आमच्याआधी एक ड्रायव्हरकाका होते, कंबर धरून भिंतीला टेकलेले. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी बसा."

"बसता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?" ते म्हणाले, आणि भिंगरीकडे बघून, "जा, आधी तुम्ही जा. माझी कंबर काही पळून जात नाही. पळाली तर बरंच होईल."

आत्या हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर पहिली खिदळणारी तीच.

मी शिकलेली आहे. म्हणजे काळजी करायला माझ्याकडे शब्द जास्त आहेत. घरून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात मी फोनवर इतकं वाचलं होतं की माझ्या डोक्यात हाड मोडलं होतं, नस दबली होती, ऑपरेशन झालं होतं आणि मुलीचा हात जन्मभरासाठी वाकडा राहिला होता.

डॉक्टरबाईंनी भिंगरीला माझ्या मांडीवरच राहू दिलं. हात लावण्याआधी त्या नुसत्या बघत बसल्या. मग टेबलावरची एक प्लॅस्टिकची गाडी तिच्या डाव्या बाजूला धरली. भिंगरीने अंग वळवून ती उजव्या हाताने घेतली. "हं," बाई म्हणाल्या. मानेजवळचं हाड, खांदा, मनगट, एकेक हलकेच दाबून पाहिलं. कुठे सूज नाही, कुठे काळंनिळं नाही.

"पडली का? हातावर आपटली का? की हात ओढला गेला? नीट आठवून सांगा, त्यावरच सगळं आहे. आपटली असेल तर हाडाचा फोटो काढावा लागेल."

मी सांगणार, इतक्यात आत्याच म्हणाली, "मी फिरवत होते. दोन्ही हात धरून गोल. रोजच फिरवते. आज मध्येच किंचाळली."

रोजच फिरवायची, हे खरं. ती कामावरून आली, हातपाय धुतले की भिंगरी दोन्ही हात वर करून दारात उभी. "आत्या, गोल गोल!" मुलीचं नावही त्यावरूनच पडलेलं. मी आतून ओरडायची, "ताई, हळू!" पण मी दिवसातून शंभर गोष्टींना हळू म्हणते. आमच्या घरात माझं 'हळू' म्हणजे पंख्याचा आवाज, कुणाला ऐकू येत नाही.

आणि आत्याने एवढं सरळ सांगितल्यावर, डॉक्टरबाईंच्या समोर, माझ्या तोंडून निघालं:

"तुला कोणी सांगितलं होतं तिला हात लावायला?"

लग्न झाल्यापासून मी नणंदेला ताई आणि तुम्ही म्हणत आले होते.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "हे बघा, इथे कुणाची चूक काढायची नाहीये," त्या म्हणाल्या. पण ताईंनी दार उघडलं होतं. "मी बाहेर थांबते," एवढंच बोलून त्या गेल्या. दार त्यांनी अगदी आवाज न करता लावलं.

बाईंनी एका हाताने भिंगरीचं कोपर धरलं, अंगठा बाहेरच्या बाजूला ठेवला, दुसऱ्या हाताने तिचा तळवा फिरवला आणि हात दुमडला. भिंगरी जिवाच्या आकांताने किंचाळली. बाई म्हणाल्या, "बसलं. मला अंगठ्याखाली कट्‌ झालेलं कळलं."

"झालं?"

"झालं. या वयात कोपरातल्या हाडाभोवतीची पट्टी सैल असते. हात ओढला की हाड तिच्यातून थोडं निसटतं. आठवड्यातून एखादं तरी पोर येतंच असं. आता तिला खेळू द्या आणि हा हात तिने आपणहून उचलला की मला दाखवा."

दाखवायचं ते एवढंच. थोड्या वेळाने भिंगरीने डावा हात उचलला आणि बाईंचा चष्मा ओढला.

मी रडले. बाई हसल्या. प्लास्टर नाही, औषध नाही. पाच वर्षांची होईपर्यंत हात धरून उचलायचं नाही, काखांखाली धरून उचलायचं. पुन्हा होऊ शकतं, झालं तर घाबरून जायचं नाही.

हे सगळं मी ऐकलं. आत्याने ऐकली ती फक्त किंकाळी, बंद दारापलीकडून. तो चष्मा ओढणारा हात तिने पाहिलाच नाही. मी बाहेर आल्यावर "झालं नीट" एवढंच म्हटलं आणि भिंगरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

आत्या रुसली असती तर मला कळलं असतं. रुसव्याला उत्तर देता येतं. पण ती भिंगरीशी पूर्वीसारखीच बोलायची, गोष्टी सांगायची, लाँड्रीत चादरी वाळत घालताना वाऱ्याने कोणाची फजिती झाली ते साभिनय दाखवायची. माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं की ती तिला हात लावत नाही. रस्ता ओलांडताना ती भिंगरीच्या पिशवीचा पट्टा धरायची. भिंगरीने "गोल गोल" म्हणून हात वर केले की म्हणायची, "आत्याचे हात दमले आज." रोज दमायचे. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणारे ते हात.

मी बघत होते आणि गप्प होते. मनात कुठेतरी बरंही वाटत होतं, हे मात्र खरं. एक काळजी कमी.

मग एका सकाळी भिंगरीने दुकानाच्या दारात बसकण मारली. तिला फुगा हवा होता, मला घाई होती. मी तिचा हात धरला आणि वर ओढलं. तीच किंकाळी. तोच हात, तसाच अंगाशी धरलेला.

"या वेळी कसं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी ओढला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आता काय म्हणतील म्हणून. त्यांनी तळवा फिरवला, हात दुमडला, कट्‌. "पाणी प्या," म्हणाल्या, "तुम्हालाच चक्कर येईल." नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "होतं गं असं. तू जेवलीस का?"

संध्याकाळी ताई आल्या तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले होते.

"ताई, आज माझ्याच हातून झालं."

"अगं बाई! बसला का हात?" त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं.

"बसला. एका मिनिटात. म्हणजे ताई, तेव्हा तुमची काही चूक नव्हतीच."

"ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना दवाखान्यात जाऊन आले होते मी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हात अधू राहील का, ते विचारायला." चपला भिंतीशी नीट लावत त्या म्हणाल्या, "तू तर काही सांगितलं नव्हतंस."

मग त्यांनीच विचारलं, "तुला कोणी काही बोललं का आज?"

"नाही. कुणीच नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. टोमणा असता तर मी सहन केला असता. पण त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

"माझं चुकलं, ताई."

"सोड गं. आईचा जीव जातो अशा वेळी. काय बोलतो ते कळतं का कुणाला?"

मी भिंगरीला हाक मारली. म्हटलं, "जा, आत्याकडे जा." ती पळत गेली, दोन्ही हात वर करून उभी राहिली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून तिला काखांखाली धरलं, अगदी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं, उचललं, अर्धा फेरा घेतला आणि लगेच जमिनीवर ठेवलं. काचेचं भांडं फडताळात ठेवावं तसं.

"असं नाही, आत्या!"

"आता असंच असतं," ताई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

भिंगरीने आणखी काही दिवस हट्ट केला. मग सोडून दिला. मुलं सोडून देतात. मी मात्र रोज वाट बघायची. आज ताई विसरतील, आज खळखळून हसत तिला गरगर फिरवतील आणि मी आतून 'हळू' म्हणणार नाही. त्या विसरल्या नाहीत.

परवा खोकल्यासाठी दवाखान्यात गेलो होतो. भिंगरी आता पाच वर्षांची झाली. डॉक्टरबाईंनी छाती तपासली आणि जाता जाता तिचं कोपरही हलवून पाहिलं. "आता पट्टी घट्ट झाली. आता काय गोंधळ घालायचा तो खुशाल घाला."

घरी आल्यावर मी ते मोठ्याने सांगितलं. सांगायचं होतं एकीलाच. ताई खिडकीशी बसून दुखरी बोटं तेलाने चोळत होत्या. "सुटलो बाई एकदाचे," त्या म्हणाल्या.

भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कसला गोंधळ?"

तिला काहीच आठवत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. आत्या तुला कशी फिरवायची, तू कशी हसायचीस, तुझं नाव कशावरून पडलं. तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे बघून हलकेच 'नको' अशी मान हलवली.

"काही नाही गं," त्या तिला म्हणाल्या. "तू रंगव."