ओळख न दाखवण्याचं कलम

वकीलबाईंनी पहिल्याच पानावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि चष्म्यावरून समोर पाहिलं.

"ताई, तुमच्याकडे येणाऱ्या माणसांच्या दातांचे एक्स-रे तुम्ही जपून ठेवता?"

"दातांचे?"

"तुमच्या वेबसाइटवर तसं लिहिलंय. गोपनीयता धोरण, तिसरा परिच्छेद."

ताई ओशाळून हसली. वेबसाइट करून देणाऱ्याने 'गोपनीयतेचं एक पान लागतं' म्हटल्यावर तिने कुठल्याशा दातांच्या दवाखान्याचं पान जसंच्या तसं उचललं होतं आणि नाव तेवढं बदललं होतं. तेव्हापासून ते पान तिथेच होतं. कुणी वाचलं असतं तर ना!

ताई समुपदेशन करायची. मनातलं कुणाजवळ तरी बोलावं असं ज्यांना वाटे, ती माणसं तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत येत. वयाने कितीही मोठं असो, तिला सगळे ताईच म्हणत. वकीलबाईंचं काम निराळं. वेबसाइटने लोकांकडून कोणती माहिती घ्यायची, ती कुठे ठेवायची, कधी पुसून टाकायची आणि कुणालाही द्यायची नाही, हे सगळं कायद्यात बसवून द्यायचं. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, कारण त्या प्रश्न फार विचारत. समोरच्याला नको नको होईस्तोवर विचारत.

"भेटीची आठवण करून देणारा मेसेज जातो ना? त्यात काय लिहिता?"

"उद्या अमुक वाजता तुमचं समुपदेशन आहे, असं."

"आणि फोन जेवणाच्या टेबलावर उताणा पडला असेल तर? सासूने वाचला तर?"

ताईने कपाळाला हात लावला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"समुपदेशन हा शब्द काढा. नुसती वेळ ठेवा."

ताईने लिहून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाली, "मला एक कलम हवंय, ते मात्र कुठल्याच पानावर सापडलं नाही. बाहेर कुठे गाठ पडली, तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. त्यांनी दाखवली तर बोलेन. नाही तर आम्ही अनोळखी."

"कायद्याने हे लागत नाही."

"माहितीये. पण लोकांना आधी सांगितलेलं बरं. नाहीतर त्यांना वाटतं, या बाईला शिंगं फुटली."

"आणि हे तुम्हाला जमतं?" वकीलबाईंना खरंच नवल वाटलं. मघाशी पाण्याचे जार आणून देणाऱ्या माणसाशी ताई त्याच्या गुडघ्यापासून त्याच्या मेहुण्याच्या नोकरीपर्यंत सगळं बोलली होती.

"जमवावं लागतं. आधी नजर कुठे ठेवायची तेच कळायचं नाही. आता जे समोर दिसेल त्याच्याकडे बघत बसते, भिंत तर भिंत."

वकीलबाई हसल्या आणि ते कलम त्यांनी घातलं. मग पान उलटलं.

"आता नातेवाईक. सज्ञान माणूस तुमच्याकडे येतो आणि त्याच्या घरच्यांचा फोन येतो."

"काही सांगत नाही. येतो की नाही, तेसुद्धा नाही."

"आई असली तरी?"

"आई असली तरी."

"आणि ती दारात येऊन रडायला लागली तर?"

हा प्रश्न कायद्याचा नव्हता. ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आत बसवते. पाणी देते. उत्तर देत नाही."

"मग तिने करायचं काय?"

"वाट बघायची," ताई हळूच म्हणाली.

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. त्यांचा एकुलता एक लेक तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. नोकरी सोडली, तर का सोडली. झोप लागत नाही, तर का लागत नाही. फोन कुणाचा होता, ती काय म्हणाली, मग तू काय म्हणालास. एकदा तो जेवता जेवता ताटावरून उठला आणि म्हणाला, "आई, मी या घरात राहत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे." त्यांना ते पुरतं कळलं होतं, आणि तरी तोंडून निघालं काय, तर "म्हणजे काय?"

तो याच शहरात कुठेतरी होता. वाढदिवसाला मेसेज यायचा, तोही दोन शब्दांचा. तो नीट जेवतो का, झोपतो का, कुणाजवळ मन मोकळं करतो का, काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो बरा आहे एवढंच कुणीतरी सांगावं, बाकी मला काही नको, असं त्यांनी आपल्या बहिणीला सांगितलं होतं. बहीण म्हणाली होती, "तुला? तुझं एवढ्यावर भागेल?"

वकीलबाईंनी वाक्य लिहिलं. सज्ञान व्यक्ती आमच्याकडे येते किंवा येत नाही, हे तिच्या पालकांनाही सांगितले जाणार नाही. वाक्य चोख झालं होतं. त्यांनी ते ताईकडे सरकवलं आणि चष्मा पुसत बसल्या.

थोडं काम उरलं, पण ताईची पुढची वेळ कुणाला तरी दिलेली होती. लिफ्ट बंद होती म्हणून ताई त्यांना सोडायला जिन्याने खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर एक बाई दाराला कुलूप लावत होती. ताईने थांबून तिच्या मांजराची तब्येत विचारली, ते आता औषध थुंकत नाही ना, तेही विचारलं. बाई हसत खाली गेली. तिला वाट देऊन एक तरुण वर आला.

वकीलबाईंचा हात कठड्यावर घट्ट झाला. केस बारीक कापलेले, गाल जरासे आत गेलेले. शर्ट मात्र नीट इस्त्री केलेला होता.

ताई एकदम गप्प झाली आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरांकडे पाहू लागली. मन लावून, एकेक मीटर पाहत होती.

वकीलबाईंना कळायला एवढं पुरलं.

"तू?" लेक म्हणाला. "तू इथे काय करतेयस?"

त्याचा आवाज चिरकला होता. आईने आपल्यावर पाळत ठेवली, असंच त्याला वाटलं असणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर तो इथूनच मागे फिरेल आणि हा जिना पुन्हा कधी चढणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

"कामाला आले होते. वेबसाइटचे कागद करायचे होते. झालं माझं."

तो तिथेच थांबला, खांदे जरा वर ओढून. आता पुढचं येणार, हे त्याला ठाऊक होतं. कुठे चाललास, कुणाकडे, कशासाठी, कधीपासून? सगळे प्रश्न वकीलबाईंच्या जिभेवर येऊन उभे होते. त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.

त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"दमलीस का?" त्याने विचारलं.

"नाही रे. जिना आहे म्हणून जरा."

"सावकाश उतर."

"हो."

तो वर गेला. त्याची पावलं तिसऱ्या मजल्यावर थांबली नाहीत, आणखी वर गेली. वर नुसती गच्ची होती आणि तिला बारा महिने कुलूप असे. पावलं तिथे जाऊन थांबली, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. तो वर उभा राहून आईच्या जाण्याची वाट बघत होता. वकीलबाईंना आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. तो कुणाशी तरी बोलत होता. जे बोलत होता ते त्यांना कधीही कळणार नव्हतं, आणि ते कळू नये याची तजवीज त्यांनी नुकतीच स्वतःच्या हाताने केली होती.

त्या पाऊल न वाजवता खाली उतरल्या असत्या, पण आपण गेलो हे त्याला वर ऐकू जायला हवं होतं. म्हणून त्या चपला वाजवत उतरल्या. ताई मागोमाग आली. फाटकाशी आल्यावर ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उरलेलं पुढच्या आठवड्यात संपवू या का? आजच्यासारखंच, बुधवारी?"

तो कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे असतो, एवढं कळावं म्हणून वकीलबाईंनी तीन वर्षं जीव टाकला होता. आता ते कळलं होतं.

"बुधवार नको," वकीलबाई म्हणाल्या. "मला कुठल्याच बुधवारी बोलावू नका."

ताई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने त्यांचा हात क्षणभर हातात घेतला.

"वर जा तुम्ही," वकीलबाई म्हणाल्या. "वेळ झाली तुमची."

आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे न बघता त्या रस्त्याला लागल्या.