मधोमध तोटीचं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं स्टीलचं पिंप आहे, चाळीस लिटरचं. मला बघून हसू आलं तर खुशाल हसून घ्या. चौदा वर्षं येणारा-जाणारा हसतच आला आहे. पिंपाची तोटी तळाशी असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी तोटी मात्र बेंबीच्या जागी आहे. वरचं निम्मं पाणी तोटीतून येई आणि खालच्या निम्म्यासाठी मला कवेत धरून वाकवावं लागे. हे असं का झालं, ते सांगतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. एवढ्या मोठ्या यंत्राने दाबल्यावर शुद्ध कुणाची राहणार? शुद्धीवर आलो ते बीडच्या एका भांड्यांच्या दुकानात. तिथून मला दिंद्रुडच्या वत्सलाबाईंनी निवडलं. त्यांच्या भावाने लिंबागणेशजवळ घर बांधलं होतं, वास्तुशांत होती, आणि भावजय छबुबाई म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुकानदार माझ्यावर देणाऱ्याचं नाव घालायला बसला. बाई म्हणाल्या, आधी घेणारणीचं घाला. तो म्हणाला, असं कुणी घालत नाही. बाई हटल्या नाहीत. मग माझ्या पोटावर दोन ओळी उमटल्या. वर ‘सौ. छबुवहिनीस’ आणि खाली ‘वत्सलाकडून सप्रेम भेट’. गुदगुल्या फार झाल्या, पण मी हललो नाही.

वास्तुशांतीला ज्याने आहेर वाचला, त्याने रिवाजाप्रमाणे फक्त देणाऱ्याचं नाव वाचलं. छबुबाईंना अक्षरओळख नाही. वरच्या ओळीत आपणच आहोत, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

काही महिने मी स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याने भरून थाटात बसलो. मग वत्सलाबाईंच्या मुलीचं लग्न झालं. त्यात छबुबाईंना मानाचं पातळ मिळालं. घरी येऊन घडी मोडली, तर पदराच्या कोपऱ्यात ओळखीचा हळदीचा ठिपका. चार वर्षांपूर्वी छबुबाईंनीच हे पातळ नणंदेला दिलं होतं. आहेराची पातळं या घरातून त्या घरात फिरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती फिरून आपल्याच ओटीत येऊ नयेत, एवढीच माणसाची इच्छा असते. छबुबाईंनी ते पातळ पेटीच्या तळाशी टाकलं आणि नणंदेशी बोलणंही टाकलं.

राहिलो मी. मला पाहिलं की त्यांचं डोकं तापे, पण एवढं थोरलं पिंप फेकून कोण देणार? मला तोवर तोटी नव्हती, आणि एक दिवस ती बसवायला भांड्यांना डाग देणारा म्हाळू दारावर आला. त्याने तोटी माझ्या तळाशी धरून पाहिली. छबुबाईंनी नेमकं नावावर बोट ठेवलं.

“हितं लाव.”

“कावून, माय? निम्मंच पाणी येईल की.”

“मला निम्मंच पायजे.”

त्याने भोक पाडलं, तोटी बसवली आणि शिसं-कथिल वितळवून डाग दिला. स्टीलवर डाग सहज धरत नाही. त्याने तीनदा ओतला, तेव्हा कुठे तोटी टिकली, आणि दोन्ही ओळी त्या करड्या गोळ्याखाली गाडल्या गेल्या. माझी रवानगी न्हाणीबाहेर, हातपाय धुवायला. छबुबाईंनी गावभर सांगितलं की पिंप त्यांच्या माहेरच्या भावाने दिलं. भावाने दिलं होतं भिंतीवरचं घड्याळ. ते दुसऱ्या दिवशीच बंद पडलं, पण त्याचं नाव कुणी काढत नाही.

चौदा वर्षं मी चिखलाचे पाय धुतले. तक्रार त्याची नव्हती. चुकीच्या माणसाचं नाव सांगितलं जाई, तेव्हा मला आतून कसंतरी होई.

यंदा छबुबाईंच्या सुनेने, मनिषाने, उसाच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचं ठरवलं. रस आंबवायला मोठं भांडं हवं होतं. तिने मला आतून-बाहेरून निरखलं आणि सांगितलं की आधी हा डाग निघाला पाहिजे, कारण आंबट रस शिसं खातो आणि ते मग आपल्या पोटात जातं. तिचा नवरा आदिनाथ पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. डाग देणं आणि काढणं त्याच्या हातचा मळ. छबुबाई मात्र आडव्या आल्या. माझ्या भावाची खूण आहे, हात लावू नका, म्हणाल्या. मनिषा शांतपणे म्हणाली, मग मामांचं नाव डागाखाली कशाला? उजेडात येऊ द्या की. छबुबाई स्वतःच्याच थापेत अडकल्या.

तरी पहिल्या दिवशी त्यांनी डाग वितळवायची गॅसची बत्ती लपवली. दुसऱ्या दिवशी मला काठोकाठ भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कंबर धरल्याचं सांगून त्या मलाच टेकून बसल्या. चौथ्या दिवशी कंबर खरोखरच धरली, तेव्हा उठल्या.

आदिनाथने मला उघड्यावर नेलं, पोराबाळांना लांब पाठवलं आणि बत्ती पेटवली. अंग भाजलं, पण मला त्याचं काही नव्हतं. धास्ती एकच होती, की हाही रिवाजाप्रमाणे खालचीच ओळ वाचेल आणि मला पुन्हा न्हाणीबाहेर नेऊन ठेवतील. डाग पाझरू लागला, तसा तो ओल्या चिंधीने पुसत गेला. तोटी निघाली. आतून त्याने पॉलिश पेपर घासला. मनिषाने तीनदा नापास केलं, चौथ्यांदा पास केलं. मग अक्षरांत अडकलेले कण तो दाभणाने उकरू लागला.

“माय, ह्ये मामाचं नाव न्हाई,” तो म्हणाला. “‘वत्सलाकडून सप्रेम’... आन पुढं भोक हाय.”

छबुबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. आदिनाथने दाभण खाली ठेवलं. झालं, मला वाटलं.

पण मनिषा पुढे वाकली. “वर बी कायतरी हाय. थांबा. ‘सौ. छबुवहिनीस’.”

“कुणाचं नाव म्हणलीस?”

“तुमचं, आत्याबाई.”

“परत वाच.”

मनिषाने परत वाचलं. छबुबाई जवळ आल्या आणि त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या. चौदा वर्षं त्यांनी नणंदेबरोबर स्वतःलाही डागाखाली दाबलं होतं. मला रडू आलं असतं, पण तोटी नव्हती.

त्याच भोकात आदिनाथने नटाने आवळायची नवी स्टीलची तोटी बसवली, डागाशिवाय. आता मी पुन्हा घरात आहे. सिरका तयार झाला, तेव्हा गाळ खाली बसला आणि वरचं नितळ तोटीतून आलं. छबुबाई आता सगळ्यांना सांगतात की तोटी मधोमध हवी, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

पहिली बाटली भरल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, “ही दिंद्रुडला वन्संला. आन पेटीतलं त्ये पातळ बी बांध. आता तिची पाळी हाय.”

मित्रांनो, वत्सलाबाई आल्या, त्या तेच पातळ नेसून, हळदीच्या ठिपक्यासकट. तुमच्या घरातली भांडी घासूनपुसून ठेवा, फुटकं दुरुस्त करा, पण नावावर काही थापू नका. आणि कुणी काही दिलं, तर वरची ओळही वाचून घ्या.