गिल्बर्टच्या सत्तावीस हरकती

बाळकुमच्या गिल्बर्टने एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली आणि त्या एकतीस वर्षांत कुणाची भीडभाड ठेवली नाही. मालकाच्या सख्ख्या भाच्याने केलेला मालसुद्धा त्याने परत पाठवला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून नापास करायला काही उरलं नव्हतं. मग तो भाजीवाल्याची वांगी तपासायचा, बिल्डिंगच्या जिन्यातले दिवे तपासायचा, आणि बायकोने, सेसिलियाने, केलेली आमटी तर रोजच तपासायचा. सेसिलियाने हात टेकले होते.

अशा माणसापुढे त्याच्या लेकीने, इलेनने, शनिवारी सकाळी एक जुना, आतलं सगळं पुसून कोरा केलेला लॅपटॉप ठेवला आणि हातात चार पानं दिली.

इलेन ठाण्यातल्याच एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. ते सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरतात. डबा कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, आतलं जसंच्या तसं चाललं पाहिजे. या डब्याला ते कंटेनर म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण डबा भरायची आणि तपासायची मांडामांड करण्यातच प्रत्येक नव्या माणसाचे चार दिवस जायचे आणि जुन्यांच्या नाकीनऊ यायचे. म्हणून साहेबांनी, रवींद्र त्यांचं नाव, इलेनला ही सगळी कृती कागदावर लिहायला सांगितली होती. सोमवारी डोंबिवलीची रुचिता नावाची मुलगी नव्याने लागणार होती. तिने कुणालाही काही न विचारता, नुसता कागद वाचून, संध्याकाळी सहापर्यंत डबा भरून त्याच्या सगळ्या चाचण्या पास करून दाखवल्या तर इलेन पर्मनंट. नाहीतर बघू, असं साहेब म्हणाले होते. त्या "बघू"चा अर्थ इलेनला चांगला ठाऊक होता, कारण तिच्या आधीच्या दोघांना तो कळला होता.

तेव्हा डॅडीवर रंगीत तालीम करायची असं तिने ठरवलं. तिला वाटलं, तासाभराचं काम आहे.

गिल्बर्टने चष्मा पुसला, लाल पेन काढलं, मनगटावरचं घड्याळ सोडून समोर ठेवलं. दुसऱ्याच ओळीला गाडी अडली. पासवर्ड टाका, असं लिहिलं होतं. त्याने अक्षरं दाबली, पडद्यावर काही उमटेना. कीबोर्ड मेला असं जाहीर करून तो हाताची घडी घालून बसला. पासवर्ड टाकताना तो दिसत नसतो, हे इलेनने सांगितलं. मग तसं लिही, म्हणाला. हरकत पहिली.

पाचव्या ओळीत "थोडा वेळ थांबा" होतं. तो घड्याळाकडे बघत बसला आणि अकरा मिनिटांनी विचारता झाला की थोडा म्हणजे किती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, इशारे येतील, दुर्लक्ष करा. इथे मात्र त्याने पेन खाली ठेवलं. उभ्या जन्मात त्याने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. कुठला इशारा सोडायचा आणि कुठल्याला थांबायचं ते लिहून मिळेपर्यंत तो जेवायलाही उठला नाही. सेसिलियाने तळलेले बोंबील थंड झाले आणि इलेनची तळपायाची आग मस्तकात गेली. कुठलाही नॉर्मल माणूस असं करत नाही, असं ती फाडकन बोलून गेली. गिल्बर्टला ते लागलं, पण त्याने हरकत सतरा शांतपणे लिहून घेतली.

चार वाजता दोनशे तेरा चाचण्या धावल्या. दोनशे बारा पास झाल्या, एक नापास. पेशंटला मेसेज पाठवायची.

"माझ्या लॅपटॉपवर सगळं चालतंय डॅडी," इलेन रडवेली होऊन म्हणाली.

"एकतीस वर्षं प्रत्येक कारागीर मला हेच सांगत आलाय बाय," गिल्बर्ट म्हणाला. "साहेब, माझ्या मशीनवर माप बरोबर येतंय. तुझ्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही, ते शोध."

तिने शोधलं. सहा महिन्यांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात, तिने शेजारच्याला विचारून सेटिंगची एक छोटी फाइल हाताने बनवली होती, आणि नंतर विसरून गेली होती. ती कागदावर कुठेच नव्हती. हरकत सत्तावीस.

रविवारी चर्चमधला मिस आटोपून तिने चारची नऊ पानं केली.

सोमवारी गिल्बर्टला काही सुचेना. वांगीसुद्धा त्याने न बघता घेतली. पोरीला आपण उगाच छळलं की काय, ही बोच दिवसभर मनात राहिली. सात वाजता इलेन केक घेऊन घरात आली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

तिने सगळं सांगितलं. पाच वाजता पडद्यावर इशाऱ्याची लाल ओळ आली होती. साहेबांना घाई, ते मागून म्हणाले, असू दे, पुढे चल. रुचिता पहिल्या दिवसाची पोर, पण हलली नाही. "सर, कागदावर तसं नाही लिहिलेलं," म्हणाली. कागदाप्रमाणे तिने नववं पान काढलं, लॅपटॉपमधली जागा संपली होती ती मोकळी केली, आणि सहाला दहा कमी असताना दोनशे तेराच्या दोनशे तेरा पास. साहेबांनी पर्मनंटचं पत्र दिलंच, वर कागद तपासणाऱ्याची सही मागितली. सगळ्यांना आता हाच कागद वापरायचाय.

इलेनने नऊ पानं आणि पेन पुढे केलं. गिल्बर्टने पेन घेतलं नाही.

"सत्तावीस दुरुस्त्या झाल्यात," तो म्हणाला. "त्यानंतर मी कुठे तपासलाय? तुझी नोकरी पक्की झाली. कागद अजून पक्का नाही. उद्या सकाळी लॅपटॉप पुन्हा कोरा करून दे."

इलेनला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. सेसिलियाने कपाळाला हात लावला, कारण केक तसाच टेबलावर ठेवून तिचा नवरा कपाटातून पांढरा शर्ट काढून इस्त्री तापवत होता. घरातच तर बसायचंय, शर्ट कशाला, असं तिने विचारलं.

"ड्यूटी आहे," गिल्बर्ट म्हणाला, आणि कॉलरला इस्त्री फिरवू लागला.