अन्वीसाठी वाचलेली पुस्तकं

सुनीतीबाईंनी चारही पुस्तकं काउंटरवर आपटली असं म्हणता येणार नाही, पण ठेवली असंही म्हणता येणार नाही. सगळ्यात वरचं पुस्तक घसरून पलीकडे गेलं आणि मालविकाने ते खाली पडायच्या आत धरलं.

"काकू, सगळा वाचून झाला?"

मालविका लंडनच्या ईलिंगमध्येच जन्मली, इथेच वाढली आणि आता इथल्याच लायब्ररीत मुलांचा विभाग सांभाळते. मराठी ती हौसेने बोलते, आणि कुठला शब्द तो, कुठला ती, कुठला ते याची फिकीर करत नाही. एरवी सुनीतीबाईंनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती. आज तेवढाही उत्साह त्यांच्यात नव्हता.

"झाली वाचून. मी वाचली, मला आवडली, आणि ज्या पोरीसाठी वाचली तिला त्याचं काही सोयरसुतक नाही. घे परत."

"आणि हे पाचवा? तुम्ही रिझर्व्ह केलेला. सकाळीच आलाय." मालविकाने खालून एक जाडसर पुस्तक काढलं. कव्हरवर धुक्यातलं बंदर होतं आणि किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी. "नको असेल तर रिटर्न पाठवते मी."

सुनीतीबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मोठा टाइप, बारा ते पंधरा वयासाठी, लेखिका कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची.

"आलंच आहे तर दे," त्या म्हणाल्या. "पण हे शेवटचं. मला सत्तरीत हे उद्योग कोणी सांगितलेत?"

कोणीच सांगितले नव्हते. हीच तर खरी चिडचिड होती.

अन्वी ही त्यांची एकुलती एक नात. चार वर्षांपूर्वी मुलगा अर्जुन आणि सून अनुया वेगळे झाले. अर्जुन नोकरी घेऊन एडिनबराला गेला आणि अनुया वर्षभराने मुलीला घेऊन कॅनडात हॅलिफॅक्सला, तिथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून. सुनीतीबाईंच्या वाट्याला उरला रविवारचा व्हिडिओ कॉल. इकडची दुपार, तिकडची सकाळ. अनुया टॅबलेट लावून द्यायची, 'देते हं तिला' एवढं म्हणायची आणि बाजूला व्हायची. तिचा चेहरासुद्धा कधी धड दिसत नसे. पहिली दोन वर्षं अन्वी भरभरून बोलली. मग बोलणं आटत गेलं. शाळा कशी आहे? 'फाइन.' जेवलीस काय? 'स्टफ.' बाहेर बर्फ आहे का? 'आजी, मे महिना आहे.' बारा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं हेच कळेना. कॉल लहान होत चालला आणि एक दिवस तो होणारच नाही, ही भीती सुनीतीबाईंना वाटू लागली. नात गेली की त्या घराशी असलेला शेवटचा धागाही गेला.

मग त्यांना युक्ती सुचली. तिकडची मुलं जी पुस्तकं वाचतात ती आपण वाचायची, म्हणजे बोलायला विषय मिळेल. मालविकाने कॅनडातल्या मुलांसाठी आणि टीनएजर्ससाठी शिफारस केलेल्या पुस्तकांची नावं काढून दिली. त्यातली निम्मी इथे मिळतच नव्हती. उरलेली कुठून कुठून मागवावी लागली. एकदा सुनीतीबाईंनी स्वतःच घाईघाईत भलत्या ओळीवर क्लिक केलं आणि वाट पाहून पाहून हातात पडली ती एका पुस्तकाची फ्रेंच आवृत्ती. त्यांचे यजमान पद्माकरराव त्या दिवशी इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हसा," सुनीतीबाई म्हणाल्या होत्या. "तुम्हाला हसायला काय जातंय? तुम्ही तिच्याशी हवामानाच्या पलीकडे कधी बोललाय?"

आणि एवढा आटापिटा करून निष्पन्न काय? अन्वीने त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मग त्याच वाचून दाखवू लागल्या. अन्वीने दुसऱ्या पानावरच त्यांचे इंग्रजी उच्चार सुधारायला घेतले. ज्या बाईने आधी साताऱ्याला आणि नंतर इथल्या शाळेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तिला हे कसं चालावं? त्यांनी इंग्रजी पुस्तक समोर धरून तोंडाने मराठी सांगायला सुरुवात केली. म्हणजे उच्चारांचा प्रश्नच मिटला. त्यांना ते झकास जमत होतं. वाक्यावरून नजर फिरली की पलीकडून मराठी बाहेर पडायची.

पण सवय कुठे जाणार? प्रकरण संपलं की त्या चष्म्यावरून बघत विचारत, "मग, यातून आपण काय शिकलो?"

"काय पण नाही शिकली मी," अन्वी म्हणायची. "आजी, इज धिस अ टेस्ट?"

"अगं, तू तिची आजी आहेस की परीक्षक?" पद्माकररावांनी एकदा विचारलं होतं. त्यावर सुनीतीबाई त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, कारण उत्तर त्यांनाही ठाऊक होतं आणि ते आवडणारं नव्हतं.

होडीचं पुस्तक त्यांनी आठवड्यात दोनदा वाचलं. एक मुलगी असते. वडील देशाच्या पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर कामाला जातात ते परत येत नाहीत. आई मुलीला घेऊन एका कोळी गावात येते आणि मासे पॅक करण्याच्या कारखान्यात लागते. मुलीला एक म्हातारा होडीवाला भेटतो आणि दोघं मिळून मोडकी होडी दुरुस्त करतात. चांगलं होतं पुस्तक. होडीची फळी कशी वाकवायची इथपर्यंत सगळं नीट लिहिलेलं. सुनीतीबाईंनी मनाशी ठरवलं की या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत. एकसुद्धा नाही.

रविवारी कॉल लागला. 'देते हं तिला.' अन्वी समोर आली, केस ओले, तोंडात टोस्ट.

"मागच्या वेळची गोष्ट संपली. आज नवीन आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "यात तुमच्याच बाजूचं बंदर आहे, बघ."

"ओके."

"होड्या आवडतात ना तुला?"

"आय गेस."

सुनीतीबाईंनी वाचायला घेतलं. मुलगी बसमधून उतरली, तिला माशांचा वास आला, तिने नाक दाबलं. त्यांनी स्वतःचं नाक दाबून दाखवलं. अन्वीची नजर खाली होती, अंगठे हलत होते. कुठूनतरी टुंग असा आवाज आला.

"वन सेकंद हां आजी," ती म्हणाली. टॅबलेट आडवा पडला आणि पडद्यावर पांढरं छत आलं, कोपऱ्यात दिव्याचा गोल.

सुनीतीबाई थांबल्या. एक सेकंद झाला, बरेच सेकंद झाले.

"अन्वी? अगं ए अन्वी?"

छत काही बोललं नाही. सुनीतीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. दोनदा वाचलंय मी हे. डोळ्यांत औषध घालून वाचलंय. आणि ही पोरगी मला छत दाखवते. कॉल बंद करावा, पुस्तक उद्याच परत द्यावं आणि पुन्हा कोणासाठी म्हणून काही करू नये, असं त्यांना फार मनापासून वाटलं. बोट लाल बटणापर्यंत गेलंही.

पण तासाच्या मधोमध वर्गातून निघून जाणं त्यांना कधी जमलं नव्हतं. एकदा साताऱ्यात आंदोलन चाललं होतं, रस्ते बंद होते आणि वर्गात एकच मूल आलं होतं. त्या एका मुलासाठी त्यांनी अख्खा धडा शिकवला होता. इथे तर तेवढंही कोणी नव्हतं. तरी त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागल्या. रागानेच. वाक्य न् वाक्य ठासून.

पद्माकरराव चहाचा कप घेऊन मागून गेले, पडद्यात डोकावले.

"कोणाला वाचून दाखवतेस?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही जा."

ते गेले. सुनीतीबाई तिसऱ्या प्रकरणापर्यंत आल्या. मुलगी रात्री उठते, तर आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते. कारखान्यातले रबरी हातमोजे काढायचे ती विसरलेली असते. बाहेर काळोखात काही दिसत नसतं, तरी ती बघत असते. मुलगी हाक मारत नाही, पुन्हा जाऊन झोपते. इथे सुनीतीबाईंचा आवाज आपोआप खाली आला. रागात वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रकरण संपलं. छत होतं तसंच होतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा बटणाकडे हात नेला.

"आई."

आवाज अन्वीचा नव्हता.

"ती केव्हाच गेली," अनुया म्हणाली. ती कुठे होती ते दिसत नव्हतं. "मैत्रीण आली होती खाली. सॉरी. मी तिला सांगितलं होतं की आजीला बाय म्हणून जा."

"मग तू मला सांगायचंस. मी वेड्यासारखी वाचत बसलेय."

"मी भाजी चिरत होते. ऐकत होते."

चार वर्षांत इतकी वाक्यं त्या दोघींत झाली नव्हती.

"मागच्या रविवारीपण ऐकलं," अनुया म्हणाली. "ते रेल्वेवाल्या मुलाचं. त्याच्या आधीचंही. इथे मराठी कोणी बोलत नाही, आई. अन्वीपण माझ्याशी इंग्लिशच बोलते."

"बोलली का नाहीस मग?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात."

हे खरंच होतं, म्हणून सुनीतीबाईंना जास्त लागलं. पलीकडे नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"त्या बाईचं पुढे काय होतं?" अनुयाने विचारलं. "हातमोजेवालीचं. मुलीच्या आईचं."

सुनीतीबाईंनी पुस्तक उघडलं. काय होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. काहीच होत नाही. पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं आहे, त्यात पुढे होडी आहे, म्हातारा आहे, वादळ आहे. आई एकदा कामाला गेलेली असते, एकदा झोपलेली असते, बस. दोन्ही वेळा वाचताना हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

अनुया हॅलिफॅक्सला जायच्या आधी वर्षभर लंडनमध्येच एजवेअरला अन्वीला घेऊन एका खोलीत राहत होती. ट्रेन आणि मग बस, काही लांब नाही. सुनीतीबाई जाऊ जाऊ म्हणत राहिल्या. मुलाला वाईट वाटेल म्हणून आज नको, लोक काय म्हणतील म्हणून उद्या नको, आणि मग जाण्यासारखं काही राहिलंच नाही. कोणी त्यांना त्याबद्दल कधी एका शब्दाने बोललं नव्हतं.

"आहे ना पुढे," त्या म्हणाल्या. "ऐक."

समोरच्या पानावर होडीला फासायचं डांबर कसं तापवायचं याचं वर्णन होतं. सुनीतीबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"'एके दिवशी दुपारी दार वाजलं,'" त्या वाचू लागल्या. "'दारात मुलीची आजी उभी होती. वडिलांची आई. बसने आली होती. हातात डबा होता. जिने चढून तिला दम लागला होता आणि काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, ते सगळं ती विसरली होती.'"

त्या थांबल्या. बोट डांबराच्या ओळीवर तसंच होतं. पलीकडे सुरीचा आवाज बंद झाला होता.

"'खूप आधी यायला हवं होतं,'" सुनीतीबाई म्हणाल्या. "'हे तिला कळत होतं. न येण्याला कारणं पुष्कळ होती, पण त्यातलं एकही त्या दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.'"

"मग?" अनुयाचा आवाज बारीक झाला होता. "तिने दार उघडलं?"

सुनीतीबाईंनी पुढची ओळ शोधली. त्यांना ती कुठे सापडेना. आयुष्यभर पोरांना उत्तरं विचारली, आणि एवढं एक उत्तर त्यांना देता येईना.

"एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "इथेच संपतं पुस्तक."

मग छत हललं, दिव्याचा गोल निसटला, एका भिंतीवर कॅलेंडर दिसलं आणि अनुयाचा चेहरा समोर आला. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिने ओल्या हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं आणि टॅबलेट नीट उभा केला. मग तिने सुनीतीबाईंच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"पुष्कळ पानं राहिली आहेत, आई," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "वाचा."