ब्रेकबाईंचा सत्कार

जीवनगौरव पुरस्कार मिळणार असल्याचा फोन आला, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "ताई, ही तर जिवंतपणीच श्रद्धांजली. आता तू गप्प बसायचंस, असा त्याचा अर्थ."

बहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी उभी हयात अंतराळयानांना वाट दाखवण्यात घालवली होती. यान कुठे आहे, तोंड कुठे करून आहे आणि वळायचं किती, हे क्षणाक्षणाला ठरवणारी यंत्रणा त्यांची. काम सुकाणूचं, पण पाठीमागे सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत, कारण शंका आली की त्या उड्डाण अडवत. निवृत्तीनंतरही त्या सल्लागार होत्या आणि नव्या यानावरून त्यांनी संस्थेच्या नाकी नऊ आणले होते. या यानातून माणसं जाणार होती.

भांडण तीन जायरोंचं होतं. यान किती वळलं ते हे जायरो सांगतात. एक चुकला तर बाकीचे दोघे त्याला खोटं पाडतात, म्हणून तीन. पण या खेपेला घाईघाईत तिन्ही एकाच कारखान्याचे, एकाच बॅचमधले घेतले होते, आणि त्याच बॅचमधला आणखी एक चाचणीत हादरे बसताच भरकटला होता.

"तिन्ही साक्षीदार एकाच घरचे," बाई म्हणाल्या होत्या. "खोटं बोलतील तेव्हा एकमुखाने बोलतील."

संचालकांनी चहा मागवला आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक बाईंना न कळवताच उरकली, आणि लगोलग पुरस्कार जाहीर झाला. तोंड गोड करून तोंड बंद करायची युक्ती काही नवी नाही, पण ती आपल्यावर चालवावी याचा बाईंना भयंकर राग आला.

"मग जाऊच नकोस," बहीण म्हणाली.

"जाणार तर! एवढी माणसं पुन्हा कधी माझं ऐकायला बसणार आहेत?"

सभागृहाच्या दारातच चिमणी भेटली. बाईंची विद्यार्थिनी, हडकुळी आणि चुणचुणीत. बाईंच्या खुर्चीवर आता ती होती. त्या बैठकीत तिने मान डोलावली, हे बाईंच्या कानावर आलं होतं. चिमणीने त्यांचा हात धरला, पण डोळे वर केले नाहीत.

"बाई, सगळे माझ्यावर तुटून पडले हो. घरी लहान मूल आहे, नोकरी गेली तर..."

"यानात बसणाऱ्यांच्या घरीही मुलं असतील," बाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं. पोरीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होती.

भाषणं झाली. बाईंची स्तुती ऐकून त्यांना ओळखणाऱ्यांनाही त्या कोण ते कळेना. मग संचालकांनी, जे एके काळी बाईंच्या हाताखाली शिकले होते, एक गंमत जाहीर केली. उड्डाणाआधी होते तशी हजेरी! नियंत्रण कक्षातल्या एकेका टेबलाचं नाव घ्यायचं, तिथल्या प्रमुखाने "तयार" म्हणायचं. एक जरी "नाही" आला तरी उलटमोजणीचं घड्याळ थांबतं. आज पहिल्या रांगेतले जुने प्रमुख उत्तर देणार होते, आणि शेवटचं "तयार" मंचावर बसलेल्या बाईंचं. मागच्या पडद्यावर नवं यान झळकत होतं.

"इंजिन?"

"तयार!"

"इंधन?"

"तयार!" म्हातारा इंधनवाला खणखणीत ओरडला. टाळ्या पडल्या.

"दिशा आणि नियंत्रण?"

"नाही," बाई म्हणाल्या.

लोक हसले आणि मग हसू विरलं. संचालकांनी माइकवर हात ठेवला. "बाई, गंमत आहे ही."

"हजेरीची गंमत करायची नसते. हे तुला मीच शिकवलं होतं." चारचौघांत बाईंनी त्यांना अरे-तुरे केलं. "नाही आला की कारण ऐकून घ्यायचं, तेही शिकवलं होतं. ऐक."

आणि त्यांनी सगळ्यांसमोर जायरोंची गोष्ट सांगितली, आवाज न चढवता, एकही शब्द न गिळता. सभागृहातले सगळे याच धंद्यातले. अर्थ लगेच कळला.

संचालकांचा चेहरा पडला होता, पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "तुमच्याबद्दल आदर आहेच. पण त्या खुर्चीवर आता तुम्ही नाही. तुमचा नकार मोजला जात नाही."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "जिचा मोजला जातो तिला विचार. इथेच."

संचालकांनी पुढचं नाव घ्यायला कागद उचलला.

"अहो, विचारा की!" इंधनवाला गरजला. मागूनही दोनचार आवाज उठले.

विचारणं भाग होतं. "दिशा आणि नियंत्रण?"

चिमणी उठली. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती. बाईंना वाटलं, बसते आता ही खाली.

"नाही," ती म्हणाली. आवाज फाटला.

"मोठ्याने गं," बाई म्हणाल्या.

"नाही! तिन्ही जायरो वेगवेगळ्या ठिकाणचे बसल्याशिवाय नाही!"

बाई मंचावरून उतरल्या आणि चिमणीच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतका आनंद त्यांना कुठलं यान उडाल्यावरही झाला नव्हता. पोरीचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

मंचावर संचालक काचेचं मानचिन्ह घेऊन तसेच उभे होते. "बाई, आणि हे?"

"त्याची काय घाई आहे?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "यान परत येऊ दे. माणसांसकट."