आक्काताईचं कालवण

"दूध बी न्हाई?"

"नाही, आज्जी."

"च्या?"

"कोरा."

"ताक? लोनी? तूप?"

नीलिमा नुसती मान हलवत होती. आई खाटेवरून एकेक पदार्थ तिच्यापुढं करत होती आणि पोरगी एकेक परत पाठवत होती. शेवटी आईनं कपाळाला हात लावला. "आगं, मटान सोडलंस ते सोडलंस. म्हशीनं तुझं काय घोडं मारलंय? जगतीस कशावर, वाऱ्यावर?"

नीलिमा हसली. मला हसू आलं नाही. माझी पोरगी पुण्यात नोकरीला लागली, चार पैसे मिळवायला लागली, आणि वर्षभरात व्हिगन होऊन घरी आली. म्हणजे मांस नाही, अंडी नाही, दूधही नाही. हे सगळं मी फोनवर ऐकून घेतलं होतं. पण स्वतः खाटेवर बसून पेजेचा चमचासुद्धा तोंडात न घेणाऱ्या म्हातारीनं दुसरीला "जगतीस कशावर" विचारावं, हे मला बघवत नव्हतं.

आई म्हणजे आक्काताई होवाळ, मुक्काम कुंडल. न्यूमोनिया झाला म्हणून मिरजेच्या दवाखान्यात होती. तिथून सोडलं तसं मी तिला सांगलीला माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं. बायको थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला लोणंदला गेलेली, म्हणून नीलिमा रजा काढून आली. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधानं जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं तर परत सलाइन, आणि या वयात परत परत आणण्यात काही अर्थ नाही. जे मागेल ते द्या."

मागेल ते. आणि आईला काहीच नको होतं. पेज नको, मऊ भात नको, मुगाचं कढण तर तिनं जिभेला लावलं आणि तोंड फिरवलं. आज पहिल्यांदा तिनं स्वतःहून तोंड उघडलं.

"धम्मा," ती म्हणाली, "बोंबलाचं कालवण कर रं. झणझणीत. त्याच्यासंगं भाकरी जाईल बघ."

कुणालाही आनंद व्हावा अशी गोष्ट. मी आधी खिडकीकडं बघितलं.

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक नोटीस लावलेली आहे. इमारतीत मांसाहार शिजवू नये, वास आल्यास भाडेकरूस जागा रिकामी करावी लागेल. मी राहायला आलो तेव्हा ती नव्हती. नंतर मालकांची मीटिंग झाली, भाडेकरूंना कुणी बोलावलंच नाही, आणि एका सकाळी कामावर जाताना बघतो तर कागद चिकटवलेला. मालकांच्या घरातून वास आला तर काय, हे त्यात लिहिलेलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक अंडंसुद्धा फुटलेलं नाही. खायची हौस आली की सुट्टीच्या दिवशी कुंडलला जायचं, आईच्या चुलीपाशी बसायचं आणि जेवून यायचं.

मी एसटीत कंडक्टर आहे. सांगली-सातारा गाडीत मागच्या सीटवर कुणी विडी पेटवली तर मी पुढून एक हाळी देतो आणि विडी विझते. दारू पिऊन चढलेल्या पैलवानाला मी इस्लामपूरला खाली उतरवलेला आहे. आणि याच इमारतीत जिन्यावर कुणी भेटलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. का येतो, ते मला माहीत आहे. जागा परत मिळत नाही हो. आडनाव सांगितलं की लोक म्हणतात, "कळवतो."

मी आईला काही बोलायच्या आत बेल वाजली. समोरच्या संयोगिता वहिनी आल्या होत्या, सोसायटीचे चेअरमन लालासाहेब यांच्या बायको. हातात झाकलेली वाटी. आजारी माणसाला बघायला आल्या होत्या, त्यात खोट काही नाही. वाटीत तुपात निथळणारा शिरा होता. आईनं वास घेतला आणि "ऱ्हाऊ द्या बाई" म्हणाली. मग वहिनींनी वाटी नीलिमापुढं धरली.

"नको काकू, मी तूप नाही खात."

"अगं बाई, डाएट का?"

"नाही. मी व्हिगन आहे. प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही खात."

"मांस, मच्छी, अंडी काहीच नाही?"

"काहीच नाही."

वहिनींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी नीलिमाच्या पाठीवरून हात फिरवला. "बघा भाऊ, शिक्षणानं माणसात फरक पडतो तो असा. आमच्यापेक्षा पुढं गेली की तुमची पोरगी! तुमच्या घरात असं रत्न निघालं, खरंच कौतुक आहे." मग आवाज हळू करून, जणू मला बक्षीसच देत होत्या अशा थाटात म्हणाल्या, "आता काही काळजी नाही. काही लोकांना तुमच्याबद्दल शंका होती ना, मी सांगते त्यांना."

तुमच्या घरात. असं रत्न. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार लावलं आणि सगळी आग पोरीवर काढली.

"मिळालं सर्टिफिकेट? फ्रेम करून लाव आता भिंतीला!"

"पप्पा, मी त्यांच्यासाठी नाही सोडलं."

"मग कुणासाठी?"

"जनावरांसाठी. मला त्यांना मारून, पिळून जगायचं नाही. एवढंच आहे." मग ती नको ते बोलली. "तुम्ही दर रविवारी विहारात पंचशील म्हणता. पहिलं शील काय आहे, पप्पा? प्राणिहत्या करणार नाही, हेच ना?"

"मला शील शिकवू नकोस!" माझा आवाज गाडीतला झाला. "तुझ्या खापरपणज्याला गावानं मेलेली ढोरं ओढायला लावली, आणि तेच खातो म्हणून त्याला शिवू दिलं नाही. बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं खाऊ नका. आपली माणसं उपाशी झोपली, पण पुन्हा तोंडाला लावलं नाही. सोडायचं कसं ते या घराला शिकवायची गरज नाही! पण ते आम्ही मान वर करायला सोडलं. तू सोडलंस आणि समोरची बाई तुझी पाठ थोपटून गेली. फरक कळतोय का?"

"कळतोय," नीलिमाही आता तापली होती. "पण तिनं पाठ थोपटली म्हणून माझं खोटं ठरतं का? त्यांना आवडतं म्हणून मी करायचं नाही, हे सुद्धा त्यांच्याच मर्जीनं जगणं झालं ना? मी काय खायचं ते त्यांनी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही!"

"माझ्या घरात राहून—"

"भांडू नगा रं." आतून आईचा आवाज आला. अगदी बारीक. "मी आपलं सहज बोलले. मला नगं कालवण. पेज द्या जावा."

लेकाला त्रास नको म्हणून म्हातारी आपली भूक गिळत होती. आणि डॉक्टर म्हणाला होता, मागेल ते द्या. मी चप्पल घातली आणि थेट लालासाहेबांचं दार वाजवलं.

लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला गडी. मिशी, दणदणीत आवाज, मनानं वाईट नाही. त्यांनी मला गॅलरीत नेलं. मी सगळं सांगितलं. आई आजारी आहे, चार घास जातील, एकदाच परवानगी द्या.

"होवाळ, आवं मी काय तुपातला हाय व्हय?" ते हसले. "तासगाव रोडच्या ढाब्यावर मटनासाठी माझं टेबल ठरलेलं असतंय. पर बाहेर! घरात मंडळीला चालत न्हाई, मी बाहेर खातो. तुमी बी खावा की. कोण नगं म्हणतंय?"

"साहेब, तिला मोरीपर्यंत धरून न्यावं लागतं. तिला ढाब्यावर कशी नेऊ?"

"मग डबा आणा."

"डबा उघडला की वास येणारच."

"त्ये बी खरं हाय." त्यांनी विचार केला, निदान केल्यासारखं दाखवलं. "आवं, तुमच्या म्हातारीचं दुःख मला कळतंय. पर नियम म्हंजे नियम. आज तुमाला सूट दिली तर उद्या समदी उठतील. दोन-चार दिवस कळ काढा, बरी झाली की गावाकडं न्या, काय घालायचं ते घाला."

बरी झाली की! खाल्ल्याशिवाय ती बरी होणार कशी, हा प्रश्न माझ्या ओठावर होता. स्वतः बाहेर हाडं फोडून यायचं आणि जिन्यात दुसऱ्याच्या घराचा वास घेत हिंडायचं, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे पण ओठावर होतं. आणि मी काय बोललो? "बरं, साहेब," म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

मी खाली गेलो. चहाच्या गाड्यावर तास-दीड तास काढला, कप हातात तसाच धरून. माझा मलाच इतका राग आला होता की गाड्यावाल्यानं दोनदा विचारलं, "मामा, बरं वाटंना व्हय?" आईला उद्या जीप करून कुंडलला न्यायची, वाटेत काय व्हायचं ते होवो, असं ठरवून मी परत फिरलो.

जिन्यातच वास आला. भाजलेल्या बोंबलाचा, वर लसूण आणि लाल मिरचीचा. तो वास लपत नाही. मी धावत वर गेलो. आमच्या फ्लॅटचं दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, आणि गॅसपुढं नीलिमा उभी. तोंडाला ओढणी बांधलेली, डोळ्यांतून पाणी, आणि तव्यावर उरलेले बोंबील.

"काय करतेयस? खिडकी लाव आधी!"

"नाही लावणार."

"नीले, जागा जाईल!"

"जाऊ दे." तिनं ओढणी खाली केली. चेहरा पांढरा पडला होता. "मी मंडईतनं आणले. मी खाणार नाही, पप्पा. आज नाही, कधीच नाही. आणि तुम्ही मला खायला सांगायचं पण नाही. पण माझं न खाणं दाखवून कुणी माझ्या आज्जीला उपाशी ठेवलेलं मला चालणार नाही."

पातेल्यात कालवण रटरटत होतं. तिनं चव न घेताच मीठ टाकलं होतं. मी बोटावर घेऊन चाखलं. कमी होतं. मी चिमूटभर आणखी टाकलं आणि दुसऱ्या शेगडीवर भाकरीला तवा ठेवला. त्यानंतर आम्ही भांडलो नाही.

आईला बसती केली, पाठीशी उशी दिली, पुढं ताट ठेवलं. तिनं भाकरी कुस्करली, कालवणात बुडवली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "नीले," ती म्हणाली, "हात चांगला हाय गं तुझा." न खाणाऱ्या पोरीनं मान खाली घातली.

तेवढ्यात दारात ती दोघं आली. लालासाहेब पुढं, वहिनी मागं, नाकाला पदर.

"होवाळ, ह्ये काय? आत्ता बोलून गेला ना मला?"

"नीलिमा, तू तर खात नाहीस ना?" वहिनींनी विचारलं. त्यांना खरंच धक्का बसला होता.

"नाही खात, काकू. मी केलं."

"अगं पण का?"

"आज्जी खाते म्हणून."

लालासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मग माझा नाइलाज हाय. महिनाअखेर जागा खाली करा."

जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघत होती. आणि मी बोललो, गाडीत बोलतो त्या आवाजात, शेवटच्या सीटपर्यंत जाणाऱ्या. "करतो खाली! पण माझी आई जेवतीय. तिचं होईपर्यंत या दारात कुणी नियम बोलायचा नाही!"

आईचं सगळं ध्यान घासात होतं, नियमाचं बोलणं तिला उमगलंच नाही. तिला फक्त दारात माणसं उभी दिसली. जेवणाच्या वेळेला दारात माणूस आलं की काय म्हणायचं ते तिला जन्मभर ठाऊक होतं.

"या की जेवाया," ती म्हणाली. "हुबं का? कालवण लय ब्येस झालंय. नीले, दोन ताटं घे."

आमच्याकडं याला उत्तर द्यावंच लागतं. बसायचं, नाहीतर "होऊ द्या तुमचं" म्हणायचं. लालासाहेबांची नजर कालवणावर होती आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. ती मी बघितली. वहिनींनीही बघितली असेल. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं वळून आपल्या दारात गेली. कडी लावल्याचा आवाज झाला.

आईचा हात ताटावर तसाच थांबला होता.

"गेली व्हय? न जेवताच?"

"व्हय."

"काय झालं त्यानला? माझ्या आजारपणाचा इटाळ वाटला का काय?"

नीलिमा तोंड फिरवून भांडी आवरायला लागली. मी आईच्या ताटात आणखी एक पळी कालवण वाढलं.

"तसं न्हाई," मी म्हणालो. "त्यांचा आज उपास हाय."

"आस्सं व्हय." आईला पटलं. तिनं पुढची भाकरी मोडली. "मग उद्या बलीव त्यानला. उपाशी मानूस दारातनं माघारी धाडू न्हाई, धम्मा."

"बलीवतो," मी म्हणालो. "तू जेव."