खोकणारी फटफटी

देवाजीनं फटफटीचा कान पिळला आणि ती खोकली. एकदा खोकली, दोनदा खोकली, मागून काळ्या धुराचा गोळा सोडला आणि भिलाईच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरांच्या त्या रांगेच्या सगळ्या खिडक्यांदेखत गप्प झाली.

बाजूला जोडलेल्या डब्यात शकुबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. रांगेतले लोक त्या डब्याला पाळणा म्हणत. पाळण्याच्या नाकाडावर पत्र्याची पेटी दोरीनं आवळलेली, आणि मागच्या सीटवर त्याची बायको नलू, एका अंगानं, मान खाली घालून. तेवढ्यात दुर्गकडून पॅसेंजरची शिटी ऐकू आली.

"गेली," शकुबाई म्हणाली. "जवाईबापू, तुमची फटफटी उभ्या उभ्या लई बोलते. चाल म्हटलं का मेली!"

"मामी, अजून एक डाव पाहतो ना."

"तुमचा डाव तुम्ही पाहा. मले उतरवा पहिले."

फटफटी लष्कराच्या मोडीतली होती. तिच्यावर बसून एक कर्नल ब्रह्मदेशाच्या जंगलातून वाघाच्या पुढं पळाला आणि वाघच दमून परत गेला, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. देवाजी ते आपल्याकडून दोन वाघ घालून सांगे. पण शकुबाई वाघांना भीक घालणारी बाई नव्हती. ती तुमसरकडच्या आपल्या गावाहून आली होती ती लेकीला घेऊन जायला.

ह्याला कारण लहानू. गावचा हा गडी महिनाभर कारखान्यात राबला, पळून गेला आणि गावात जाऊन सांगू लागला, की भिलाईत लोखंड नालीतून पाण्यासारखं वाहतं. त्यात माणूस पडला तर पलीकडून थेट रूळ होऊन निघतो, आणि त्या रुळावर त्याचं नावही उमटलेलं असतं. गावानं अर्धं खरं मानलं. शकुबाईनं सगळं मानलं, आणि पोरीला घेऊनच येते असं घरोघर सांगून ती निघाली.

आल्या दिवशीच वाजलं. देवाजी तडकून बोलून गेला, "न्यायचीच असंल त न्या. पण माह्या दारातून माही बायको टांग्यात नाही जाणार. माह्या फटफटीवर जाईल, अन् मीच स्टेशनावर सोडून देईन."

शकुबाईनं तो शब्द पदराच्या गाठीला बांधला. पेटीत तिनं नलूचं सागवानी पोळपाटही भरायला लावलं. ते माहेरचं होतं. पोळपाट सासरी ठेवून गेलेली बाई परत येते. पोळपाट घेऊन गेलेली येत नाही. हे त्यांच्या गावात कुणी कुणाला समजावून सांगत नसे.

म्हणजे फटफटी चालली तर बायको जाणार, आणि न चालली तर अब्रू. देवाजी दोन्हींच्या मधोमध किक मारत उभा होता.

शेजारच्या दारातून तेजराम धावत आला. अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच. तो कारखान्यात लेथवर होता आणि बिघडलेलं यंत्र दिसलं की त्याला लग्नाच्या वरातीत शिरल्यासारखं व्हायचं.

"कोणी हात नको लावू गा! मले ऐकू दे." त्यानं साबणाचा गाल बाजूला ठेवून दुसरा कान इंजिनाला लावला. "मार किक. हां. उभी आहे तवर चालते, म्हणजे ठिणगी बरोबर. आता पिळ. थांब, थांब! मेली. ढकलत ढकलत पूर्ण पिळला त पळते का नाही?"

"पळते."

"मंग मोठी वाट साफ आहे. मधातच मरते, म्हणजे रोग लहान वाटेत आहे. देवाजीभाऊ, कार्बोरेटर खोल!"

दारापुढं पोतं अंथरलं. त्यावर पितळेचे लहानमोठे तुकडे मांडले गेले, जणू पोपटाचं पोस्टमॉर्टेम चाललंय. शकुबाई पायरीवर सुपारी कातरत बसली आणि एकेका तुकड्याला नाव विचारू लागली. तेजरामला त्याहून मोठं सुख नव्हतं.

"हे पाहा मावशी, हे त्याचं तोंड. अन् तोंडाच्या खालच्या ओठाला हे भोक. दिसते का? पेट्रोल म्हणजे भात अन् हवा म्हणजे वरण. ह्या भोकातून हवा नाही गेली त नुसता कोरडा भात. ठसका लागंल का नाही?"

"एवढ्याशा भोकानं?"

"एवढ्याशा भोकानं." त्यानं बारीक तार घालून लाल चिमूट बाहेर काढली. "राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीची धूळ. आमच्या भिलाईत चहातही हेच पडते."

शकुबाईनं गुडघ्यावर हात देऊन वाकून बराच वेळ ते भोक पाहिलं.

संध्याकाळी फटफटी अशी सुटली, की शेजारच्या जुनवानी गावातल्या एका म्हशीनं तिचा आवाज ऐकून दुधाऐवजी सरळ ताकच दिलं असं पुढं कित्येक वर्षं लोक सांगत. खात्री करून घ्यायला म्हणून शकुबाई पाळण्यात बसली होती. परतताना तिन्हीसांजेला कारखान्याच्या अंगानं वितळलेला मळ ओतला गेला आणि निम्मं आभाळ शेंदरी झालं. शकुबाई चालत्या पाळण्यात उभी राहिली. देवाजीनं घाबरून गाडी थांबवली.

"जवाईबापू, हे लोखंड?"

"लोखंडाचा मळ आहे, मामी. फेकून देतात."

"मळ असा, त लोखंड कसं असंल व माय!"

घरी येऊन तिनं नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग नलूला म्हणाली, "ते रशियाच्या गोऱ्या बाया बजारात वांगी घेऊन राहिल्या होत्या. त्याईले वांगी करता येतात काय?"

"माय, उद्या गाडी आहे आपली," नलू म्हणाली आणि पेटीत पोळपाटावर लुगडी रचू लागली. देवाजी भिंतीकडं तोंड करून पडला.

सकाळी पेटी बांधली. वाटेला लागायचं म्हणून शकुबाईनं तेल-कुंकू लावून फटफटीची पूजा केली. नलू बसली, शकुबाई बसली. किक बसली, फटफटी गोड बोलू लागली. देवाजीनं कान पिळला, आणि ती खोकली.

"गेली," शिटी ऐकून शकुबाई म्हणाली. ह्या खेपेला ती रागावली नाही. "संध्याकाळी पुन्हा फिरवून पाहसान का?"

तेजरामनं आनंदानं टुणकन उडीच मारली. त्यानं आतली सुई एक खाच वर घेतली, गळत असंल म्हणून जोडावरचं पॅकिंग बदललं, आणि शेवटी त्याच भोकात तार घातली. लाल चिमूट! "एका रातीत एवढी धूळ? देवाजीभाऊ, हे फटफटी नाही, हे खाण आहे!"

संध्याकाळी पुन्हा तुफान. शकुबाई पाळण्यातून लोकांना हात करू लागली होती. सकाळी पुन्हा खोकला. रांगेत कुणी म्हणे गाडीला ब्रह्मदेशाचा वाघ लागलाय, कुणी म्हणे तिला शहर सोडवत नाही.

"मावशी, टांगा आणू काय?" तेजरामनं एकदा विचारलं.

"शब्द फटफटीचा झाला आहे. टांग्यात बसाले मी काय कोंबड्याईची डाल हाओ?"

त्या दिवशी तार देवाजीनंच घातली. लाल चिमूट बोटावर घेऊन त्यानं उन्हात धरली. राजहऱ्याची धूळ खरखरते आणि उन्हात चमकते. ती तर रोज त्याच्या कपड्यांतून झडे. ही चमकत नव्हती. मऊ होती, तेलकट होती. त्यानं ती नाकाशी नेली.

पायरीवर शकुबाई सुपारी कातरत होती. देवाजीनं तिच्या हाताकडं पाहिलं. अंगठा नखापर्यंत लाल होता.

"काय निघालं गा?" तेजरामनं विचारलं.

"धूळच," देवाजी म्हणाला, आणि बोट विजारीला पुसलं.

रात्री तो भिंतीकडं तोंड करून झोपला नाही. नलूनं ते पाहिलं.

सकाळी शकुबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली, तोच तेजराम मुठीत काहीतरी घेऊन ओरडतच आला. "संपला रोग! सांगतो ना, संपला!" त्यानं मूठ उघडली. पितळेच्या बारीक जाळीची टोपी होती, कार्बोरेटरच्या तोंडावर नेमकी बसेल अशी. काठ इतका गुळगुळीत कातलेला की सोनारानं लाजावं. "हे बसवली का आख्ख्या भिलाईची धूळ आली तरी आत कण नाही जायचा. मावशी, आज तुम्ही गाडीत बसल्याच समजा!"

शकुबाईचा हात ताटावरच राहिला. ती जाळीकडं पाहत होती. निरांजनाची वात वाऱ्यानं आडवी झाली, तरी तिनं आडोसा धरला नाही.

देवाजीनं टोपी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, डोळ्याला लावून तिच्यातून आभाळ पाहिलं.

"लई झकास केली गा तेजराम. असं काम दुसऱ्याले नाही जमत." आणि त्यानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली. "मंग लावू."

"मंग कावून? आत्ताच लाव ना, धूळ—"

"पहिले पूजा. वाटेला लागताना कुंकवाबिगर गाडी काढत नाही आमच्यात." तो बाजूला सरला. "काय मामी?"

शकुबाईनं जावयाकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला. फटफटीच्या दिव्याला कुंकवाचं बोट लावलं, टाकीला लावलं. मग दुखरा गुडघा धरून हळूच खाली बसली, तेलात अंगठा बुडवला, कुंकवात दाबला. देवाजी तेवढ्यात तेजरामचा खांदा धरून त्याला कारखान्याच्या चिमणीवर काहीतरी दाखवू लागला होता.

"कुठं काय आहे गा?" तेजराम म्हणाला.

"दिसंल, दिसंल."

मागं बांगड्या वाजल्या. शकुबाई उठली, आणि ताट कडेला ठेवून पाळण्यात ऐटीत जाऊन बसली.

"मारा किक, जवाईबापू!"

देवाजीनं बाह्या सरसावल्या आणि किकवर पाय ठेवला. तो अजून दाबायचाच होता, तोच घरातून सागवानी पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज आला.